इमारतीचें काम आणि कारखान्याची शिस्त

“घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून” ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं फार दिवसांपासून आहे. लग्न कसेंबसें चार दिवसांत आटोपतें. घराचा व्याप मात्र ठरलेल्या मुदतींत व ठरलेल्या खर्चांत क्वचितच आटोपतो, असा तिचा अनुभवसिद्ध अर्थ. ही म्हण रूढ झाली त्या काळीं घर दगड, माती आणि लांकूड यांचें होतें. पुढें सिमेंट आलें, पोलाद आलें, विजेच्या क्रेन आल्या. परंतु म्हणीचा अर्थ कांहीं बदलला नाहीं.

पुण्याच्या उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यांत हा अनुभव अधिकच नवलाचा वाटतो. तेथें मोटारीला लागणारा सुटा भाग दिवसाच्या ठराविक घटकेस कारखान्याच्या दारांत येतो आणि थोड्याच वेळांत गाडीला बसतो. त्याच कारखान्याच्या कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या इमारतीपाशीं विटांचे ढीग महिनोन्‌महिने पडलेले असतात. एका मजल्यावर गवंडी वाळूची वाट पाहत बसलेला असतो, तर दुसऱ्या मजल्यावर परवां केलेला गिलावा नळवाला फोडीत असतो. एकाच भूमीवर, बहुधा एकाच विद्यापीठांत शिकलेल्या इंजिनियरांच्या देखरेखीखालीं, कुंपणाच्या आंत एक शिस्त व बाहेर दुसरी, असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचें उत्तर मजुरांच्या आळसांत किंवा अज्ञानांत शोधण्याची रीत आहे. इतिहास पाहिला तर उत्तर निराळें मिळतें.

कुंपणाच्या आंतील शिस्तीचा उगम जपानांत झाला. साकिची टोयोडा यांनीं १९२४ सालीं सिद्ध केलेला स्वयंचलित माग धागा तुटतांच आपोआप थांबत असे. दोष झांकून पुढें जाण्यापेक्षां काम थांबवून दोषाचें मूळ शोधावें, हें तत्त्व त्या मागांत होतें. त्यांचे चिरंजीव किइचिरो टोयोडा यांनीं १९३८ सालीं कोरोमो येथें उघडलेल्या मोटार कारखान्यांत दुसरें तत्त्व आणलें: लागेल तेव्हां आणि लागेल तेवढेंच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दरिद्री झाला. मोठमोठे सांठे करण्याची ऐपत नसलेल्या त्या कारखान्यांत ताइची ओनो यांनीं ह्या दोन तत्त्वांची सांगड घालून एक पद्धति उभी केली. कामांत जो अपव्यय होतो त्याचे त्यांनीं सात प्रकार सांगितले: गरजेहून अधिक उत्पादन, वाट पाहणें, मालाची व्यर्थ ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, फाजील सांठा, माणसांची निष्कारण हालचाल आणि सदोष माल. अमेरिकेतील संशोधक जॉन क्राफसिक यांनीं १९८८ सालीं ह्या पद्धतीला ‘लीन’, म्हणजे अंगावर फाजील मेद नसलेली, असें नांव दिलें. १९९० सालीं निघालेल्या एका ग्रंथामुळें तें जगभर झालें.

घरांतील व्यवहारांत हें तत्त्व मुळींच अपरिचित नाहीं. पावसाळ्यापूर्वीं वर्षाचें धान्य भरून ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल. परंतु कोपऱ्यावर वाण्याचें दुकान असलें आणि त्याचा भरंवसा असला, म्हणजे तीच गृहिणी आठवड्यापुरतेंच सामान आणते. वाणी तोच, पण त्यानें दोनदां वचन मोडलें कीं घरांतले डबे पुन्हां भरूं लागतात. सांठा किती करावयाचा हें भरंवशावर ठरतें. लीन पद्धतीचें हेंच मर्म आहे, आणि बांधकामाच्या धंद्यांत ती कां अडली याचें कारणही येथेंच सांपडतें.

कारखान्यांना हा भरंवसा कसा लाभला तें पाहण्यासारखें आहे. खंडाळ्याहून पुण्यास येणारा लोहमार्ग १८५८ सालीं ह्या भागांतून गेला. तरी पुढील शंभर वर्षें येथें मुख्यतः शेतीच होती. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ च्या ऑगस्टमध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेतांच्या जागीं कारखान्यांचे आंखीव भूखंड दिसूं लागले. आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी तयार होऊं लागल्या. १९६६ पासून टेल्कोचा पुणें येथील प्रकल्प आकारास आला. त्याचे सूत्रधार सुमंत मुळगांवकर यांनीं मोटारी करण्याच्या आधीं यंत्रें व सांचे करण्याची सोय केली आणि तरुण कारागिरांना शिकविण्याचा विभाग उभारला. शिकविलेला मुलगा पंचवीस-तीस वर्षें ह्याच छपराखालीं काम करील, म्हणून त्याच्या शिक्षणावरील खर्च वाया जाणार नाहीं, हा हिशेब त्यामागें होता.

पुढें १९८० च्या दशकांत जपानी कंपन्यांशीं सहकार्य सुरू झालें. २००९ सालीं चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने उघडले. तोंवर ‘कायझेन’ आणि ‘कानबान’ हे शब्द भोसरीच्या लहान वर्कशॉपांतही रुळले होते. लहान पुरवठादारांनीं ही शिस्त पत्करली, याचें कारणही सरळ आहे. आज दिलेला भाग त्यांना उद्यां आणि पुढच्या वर्षींही त्याच कारखान्यास द्यावयाचा होता. संबंध टिकाऊ असल्यामुळें वचन पाळणें फायद्याचें ठरलें.

बांधकामाकडे ही विद्या १९९२ सालीं वळली. फिनलंडचे लौरी कोस्केला यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत असतांना एक प्रबंध लिहून दाखविलें कीं, बांधकाम म्हणजे केवळ विटेवर वीट ठेवणें नव्हे. एका हातांतून दुसऱ्या हातांत वाहत जाणारा तो कामाचा प्रवाह आहे, आणि खरा तोटा होतो तो हा प्रवाह तुटतो तेथें. पुढच्याच वर्षीं ह्या विषयाच्या अभ्यासकांची पहिली परिषद फिनलंडमध्यें भरली. अमेरिकेंत ग्लेन बॅलार्ड व ग्रेगरी हॉवेल यांनीं प्रत्यक्ष कामांवर मोजणी केली, तेव्हां असें आढळलें कीं, आठवड्यासाठीं ठरविलेल्या शंभर कामांपैकीं सरासरीनें सुमारें ५४ च त्या आठवड्यांत पुरीं होत.

त्यांनीं सुचविलेला उपाय साधा होता. काम कधीं होईल हें कचेरींत बसून ठरवूं नये. जो मुकादम तें करून घेणार त्यालाच विचारावें. नकाशा हातीं आला आहे काय, माल आला आहे काय, आधीच्या माणसाचें काम संपलें आहे काय, हें पाहून त्यानें ‘होईल’ म्हणावें. नसेल तर निःशंकपणें ‘होणार नाहीं’ म्हणावें. आठवडा संपला कीं कोणतें वचन मोडलें व कां मोडलें हें सर्वांनीं मिळून पहावें, तेंही कोणास शिक्षा करण्यासाठीं नव्हे, तर तें कारण पुन्हां आडवें येऊं नये म्हणून.

ही विद्या भारतापासून दूर राहिली नाहीं. १९८३ सालीं स्थापन झालेली बांधकाम-व्यवस्थापनाचें शिक्षण देणारी ‘निकमार’ ही संस्था पिंपरी-चिंचवडला लागूनच बालेवाडीस आहे. लीन बांधकामाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ सालीं चेन्नई येथें भरली. तेव्हां अडचण केवळ ज्ञानाची नव्हती. ती धंद्याच्या घडणींत होती, आणि त्या घडणीचे चार धागे वेगळे करून दाखवितां येतात.

पहिला धागा ठेक्याचा. १८५४-५५ च्या सुमारास इंग्रज सरकारनें सार्वजनिक बांधकाम खातें काढलें. सरकारी पैशाचा अपहार होऊं नये म्हणून कामाच्या बाबी पाडाव्या, प्रत्येक बाबीचा दर ठरवावा, कमींत कमी दर सांगणारास काम द्यावें आणि मोजमापाच्या वहींत नोंद करून पैसे चुकते करावे, अशी रीत ह्या खात्याच्या कारभारांत मुरली. हेतु चांगला होता. परंतु वहींत मोजलें जातें तें झालेलें काम. वाट पाहण्यांत गेलेला दिवस त्या वहींत कोठेंच लिहिला जात नाहीं. गवंडी भिंतीला गिलावा करतो, नळवाला ती फोडून नळ बसवितो, गवंडी पुन्हां गिलावा करतो. प्रत्येकास आपापल्या बाबीचे पैसे मिळतात. नुकसान कोणाच्याच खातीं पडत नाहीं. तें घर घेणाराच्या किंमतींत मुकाट्यानें मिसळून जातें. खाजगी बांधकामानेंही हीच रीत उचलली.

ठेक्याच्या ह्या उतरंडीचा पहिला मोठा धडा ह्याच लोहमार्गावर, पिंपरीपासून थोड्याच कोसांवर मिळाला होता. बोरघाटाचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. ठेका फॅव्हिएल नांवाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होता. त्याच्या हाताखालीं पोटठेकेदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम आणि सर्वांच्या तळाशीं कातळ फोडणारे हजारों मजूर. वरून सुटलेला पैसा तळापर्यंत वेळेवर पोहोंचेना. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, चौकशी झाली, आणि त्याच वर्षीं त्या ठेकेदारानें काम सोडलें. पुढें सॉलोमन ट्रेडवेल आले; ते थोड्याच दिवसांत वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनीं अनुभवी इंजिनियर नेमून ठेका पुरा केला. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट खुला झाला. इंजिनियरांची विद्या दोन्ही ठेक्यांत तीच होती. पहिल्या ठेक्यांत जें तुटलें तें वचन होतें. पुढें सुरुंगाच्या जागीं यंत्रें आलीं, पण ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम आणि मजूर ही उतरंड तशीच राहिली.

दुसरा धागा मजुराचा. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतून व सोलापूर-अहमदनगरच्या कोरडवाहू भागांतून अनेक कुटुंबें पुण्याकडे आलीं आणि बांधकामावर लागलीं. पुढें उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा येथून माणसें येऊं लागलीं. कोणी मुकादमाकडून उचल घेऊन येतो, कोणी सकाळीं चौकांतील मजूर-अड्ड्यावर उभा राहतो. एक इमारत संपली कीं तो दुसरीकडे जातो, पेरणीच्या दिवसांत गांवीं जातो. अशा माणसाला शिकविण्याचा खर्च करण्यास कोणताच ठेकेदार राजी नसतो, कारण शिकलेला हात उद्यां दुसऱ्याच्या कामावर असावयाचा. टेल्कोनें प्रारंभीं जो हिशेब केला, तो येथें उलटा बसतो.

ह्याहून खोल गोष्ट अशी कीं, लीन पद्धतींत तळाच्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा लागतो. टोयोडांच्या मागाला तो होता. परंतु ज्याचा रोजगार रोज सकाळीं नव्यानें ठरतो, त्यानें दोष दाखवून काम थांबविलें तर उद्यां त्याला कोण बोलावणार? मुकादमास ‘ह्या आठवड्यांत होईल काय’ असें विचारलें, तर तो भीतीपोटीं ‘होईल’ म्हणतो. आणि मग आठवड्याची योजना कागदावरच राहते. ठेक्यावरील मजुरांसाठीं १९७० सालीं, परप्रांतीय मजुरांसाठीं १९७९ सालीं आणि बांधकाम-मजुरांसाठीं १९९६ सालीं कायदे झाले. शेवटच्यानें बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवून मजुरांच्या कल्याणाची तरतूद केली. तथापि २०२० च्या मार्च अखेरीस टाळेबंदी झाली, तेव्हां हजारों मजूर गांवाच्या वाटेला लागले, आणि ह्या शहराशीं त्यांचा संबंध किती पातळ होता हें सर्वांना दिसलें. २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं भोसरी येथें मजुरांच्या वसाहतींतील पाण्याची टाकी कोसळून पांच मजूर मृत्युमुखीं पडले. इतरांसाठीं पक्कीं घरें बांधणाऱ्यांच्या वस्तींतील टाकी त्यांच्याच अंगावर यावी, ही गोष्ट अपव्ययाच्या सातही प्रकारांत बसत नाहीं. परंतु जेथें माणसाच्या जिवाची किंमत इतकी कमी, तेथें त्याच्या वेळेची किंमत कोण करणार?

तिसरा धागा पैशाचा. २०१६ च्या केंद्रीय कायद्यानें, आणि त्यानुसार २०१७ च्या मे महिन्यांत सुरू झालेल्या ‘महारेरा’ च्या कारभारानें, घर घेणारास मोठें संरक्षण मिळालें. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकीं सत्तर टक्के वेगळ्या खात्यांत ठेवून कामाच्या प्रमाणांतच काढण्याचें बंधन विकासकावर आलें. परंतु त्याच वेळीं ठरविलेल्या नमुना-करारनाम्यांतील हप्त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. जोतें पुरें झालें म्हणजे एकूण किंमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेतां येते. सर्व स्लॅब पडले म्हणजे ७० टक्क्यांपर्यंत. त्यानंतर भिंती, आंतील गिलावा, फरशी, दारें आणि खिडक्या ह्या सर्वांचे मिळून पांच टक्के. अर्थात् सांगाडा उभा करण्यांत मोठा हप्ता, आणि घर राहण्याजोगें करण्यांत लहान. साहजिकच आधीं सगळे स्लॅब टाकून घ्यावे, बाकीचें मागाहून पाहतां येईल, असा मोह होतो. लीन पद्धतीचें म्हणणें ह्याच्या उलट आहे: सांगाडा वर चढत असतां त्याच्या मागोमाग खालचे मजले पुरे होत गेले पाहिजेत. अर्धवट मजले हाही एक सांठाच आहे, आणि त्यांत ग्राहकाचा पैसा अडकलेला असतो.

चौथा धागा मालाचा. जून ते सप्टेंबर पाऊस. चाकणच्या रस्त्यांवर मालमोटारींची कोंडी. आणि नदीच्या वाळूची टंचाई. २०१२ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान खाणींसही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरविली. निर्णय नद्यांच्या हिताचा होता. पण पुरवठा अनिश्चित झाला, आणि हळूहळू दगड भरडून केलेल्या वाळूकडे धंदा वळला. अशा स्थितींत जो ठेकेदार वाळूचा ढीग करून ठेवतो त्याला मूर्ख म्हणतां येत नाहीं. त्याचा ढीग म्हणजे त्यानें उतरविलेला विमा आहे. वाण्याचा भरंवसा नसलेल्या गृहिणीचे भरलेले डबे आणि त्याचा ढीग ह्यांत अंतर नाहीं.

ह्यावर असा आक्षेप येतो कीं, मोटार आणि इमारत यांची तुलनाच अयोग्य आहे. मोटारी हजारों आणि एकसारख्या. इमारत एकच, तिची जमीन निराळी, तिचा नकाशा निराळा. आक्षेपांत तथ्य आहे, पण अर्धेंच. ज्या कामांत एकाच आकाराची पुनरावृत्ति साधली, तेथें कारखान्याची शिस्त ह्याच भागांत रुजली. वाई तालुक्यांतील पसरणीचे बाबुराव गोविंदराव शिर्के यांनीं पुण्यास इंजिनियरिंगचें शिक्षण घेऊन बांधकामाचा धंदा काढला, आणि १९७० च्या दशकांत स्वीडिश तंत्रानें ‘सिपोरेक्स’ ह्या हलक्या काँक्रीटचा कारखाना पुण्यास उभारला. इमारतीचे भाग कारखान्यांत ओतून जागेवर जोडण्याचें तंत्र त्यांनीं वाढविलें. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बालेवाडीचें क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीनें बांधलें. पिंपरीच्या मेट्रोचें भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजीं झालें आणि पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाला; तिच्या पुलाचे खंड दूर आवारांत ओतून खांबांवर जोडले गेले. वाकड, मोशी, रावेत येथील उंच इमारतींत अॅल्युमिनियमचे सांचे आले, तेव्हां एकेक मजला ठराविक दिवसांत पडूं लागला.

परंतु ह्या उदाहरणांत पुनरावृत्तीइतकीच दुसरीही एक गोष्ट समान आहे. शिर्के यांच्याकडे माल करणारा, नेणारा आणि जोडणारा एकाच घरचा होता. त्यामुळें वचन मोडलें तर तोटा कोणाचा हा वाद उरत नव्हता. मेट्रोचे खंड ओतणारीं माणसें वर्षानुवर्षें एकाच आवारांत तेंच काम करीत होतीं. उलट अॅल्युमिनियमच्या सांच्यांनीं सांगाडा भराभर चढला, पण त्यानंतरचीं गिलाव्याचीं, नळांचीं आणि विजेचीं कामें पुन्हां त्याच तुकड्यातुकड्यांच्या ठेक्यांत गेलीं, तेथें वेग पुन्हां मंदावला. यंत्र तेथें पोहोंचलें; संबंध पोहोंचला नाहीं.

म्हणून सुधारणेची वाट कोठून जाते तें स्पष्ट आहे. विकासकानें दर इमारतीस सर्वांत स्वस्त पोटठेकेदार शोधण्याऐवजीं तेच लोक एका कामावरून दुसऱ्या कामावर बरोबर नेले, पैसे स्लॅबांच्या संख्येवर न देतां पुऱ्या झालेल्या घरांवर दिले, मजुरी ठरल्या दिवशीं तळापर्यंत पोहोंचविली, आणि दोष दाखविणाऱ्या गवंड्यास दुसऱ्या दिवशींही काम दिलें, तर जपानी शब्द न शिकतांही बरीचशी पद्धति आपोआप येईल. ह्यांपैकीं एकही गोष्ट न करतां भिंतीवर तक्ते टांगले आणि सभा भरविल्या, तर तो केवळ देखावा होईल, आणि असा देखावा पुष्कळ ठिकाणीं झालाही आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कामगारांना घरें मिळावीं म्हणून १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें होतें. २०२१ सालीं तें विसर्जित झालें. ज्या कामगारांनीं कारखान्यांत मिनिटांचा हिशेब शिकून घेतला, त्यांच्याच कुटुंबांना आतां खाजगी इमारतींत घर नोंदवून एका हातानें बँकेचा हप्ता आणि दुसऱ्या हातानें जुन्या घराचें भाडें भरीत वाट पहावी लागते. त्या वाट पाहण्याची नोंद कोणत्याही मोजमापाच्या वहींत होत नाहीं. ती होऊं लागेल तेव्हां कुंपणाच्या आंतील आणि बाहेरील शिस्तींतलें अंतर कमी होऊं लागलें, असें म्हणतां येईल.